भेगेवरची काच

शिवाजीनगरातल्या त्या जुन्या ओळीत दोन घरांना मिळून भिंत एकच. शेजाऱ्यांनी गाड्यांसाठी तळघर खणायला घेतलं आणि अनुसूयाच्या स्वयंपाकघरात बोटभर रुंद भेग पडली. इंजिनिअर सौम्याने भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून दिली. "काच तडकली तर भिंत हलली समजा, अक्का. लगेच बाहेर पडा."

भेग कुठवर गेलीय ते बघायला अनुसूयाचे यजमान, हयवदनराव, कॉफीच्या आधी खड्ड्यात उतरले. चष्म्यावर तोंडाची वाफ सोडून, पंच्याच्या टोकाने तो गोल गोल पुसून, रोजच्यासारखे. वरून माती ढासळली.

त्यांना बाहेर काढलं. चष्मा काही सापडला नाही. दिवसकार्य उरकलं, खड्डा मातीने बुजवला. अनुसूयाला रडू आलंच नाही. कॉफी तेवढी अजून दोघांची होते.

आज काचेवर वाफ धरली होती. तिने पदराने पुसली. निघेना. वाफ आतल्या बाजूला होती.

तेवढ्यात सौम्याचा रोजचा फोन आला. "काच शाबूत आहे ना, अक्का?"

"आहे."

"सरी, ठीक आहे, अक्का."

अनुसूयाने फोन ओट्यावर ठेवला. काच आतून कुणीतरी गोल गोल पुसत होतं.