पाचवा जोड

पहिली फेरी

तपासनीसाने यंत्र खाणीतल्या सरकत्या पट्ट्याच्या वीतभर वर टांगलं होतं. पट्टा कापायचा नाही, उचकटायचा नाही. नुसता खालून जाऊ द्यायचा. रबराच्या पोटातल्या पोलादी तारा यंत्राला चुंबकाने कळतात आणि पडद्यावर रेघ उमटते.

'एक' लिहिलेल्या जोडापासून यंत्र येईल तो जोड मोजत गेलं. पाचव्याला रेघ खड्ड्यात पडली.

"किती तुटल्यात?" दाजींनी विचारलं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. खाणीत पट्टे जोडायचं काम त्यांचं.

"निम्म्या तरी."

"यंत्राला एकदा चष्मा करून आण."

दुसरी फेरी

पुन्हा तोच खड्डा. खाणीचे साहेब स्वतः आले. कोळसा याच पट्ट्यावर वर यायचा आणि पाळी सुटली की चाळीस माणसंही, पोटावर पालथी पडून.

"सोमवारीच 'एक'च्या पुढचा फाटका तुकडा काढून नवा घातलाय," साहेब म्हणाले. "त्याच्या दोन टोकांच्या नव्या जोडांवर अजून रंगाने आकडेही लिहिले नाहीत. आणि पुन्हा बंद करा म्हणता?"

"हा तुटला तर पट्ट्यासकट माणसं उतारावरून खाली जातील, साहेब."

"अख्खी खाण थांबेल, कळतंय का?"

"कळतंय."

"उघडा मग. आत धडधाकट निघालं, तर उद्यापासून यंत्र घेऊन घरी बसा."

तिसरी फेरी

खड्डा हलला नाही.

पट्टा थांबवला. रंगाने 'पाच' लिहिलेला जोड दाजींनी समोर आणून घेतला. तपासनीस साहेबांच्या खोलीत कागद भरत बसला. पेनाची शाई दोनदा बोटांना लागली.

सहा तासांनी दाजी चिंधीला हात पुसत आत आले.

"गंजल्या होत्या तारा. मेहुण्याचं बरोबर होतं. नवा जोड घातलाय."

"कापलेला तुकडा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"भंगाराच्या गाडीत टाकला. गाडी गेलीसुद्धा."

साहेबांनी सही केली. तपासनीसाने दाजींकडे पाहिलं. बहिणीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला हा माणूस आवडला.

तेवढ्यात खालून फोन आला. माणसं पट्ट्यावर चढायला तयार नव्हती.

"चढतील," तपासनीस उठला. "मी खाली जातो. सगळ्यात पुढे मी झोपतो."

"शहाणाच आहेस," दाजी म्हणाले. "जिन्याने चालत ये की."

"दाजी, जोड तुम्ही घातलाय. मला कसली भीती?"

दाजी हसले.

चौथी फेरी

भोंगा झाला. पट्टा हलला. वरच्या टोकाला उभं राहून दाजींनी बायकोला फोन लावला.

"तुझ्या भावाची नोकरी वाचवली आज," ते हळूच म्हणाले. "कुणाजवळ बोलू नकोस. 'पाच' लिहिलेला तो जोड उघडला, तर आतल्या तारा कोऱ्या करकरीत होत्या."