व्यंकोजींच्या घरची वीज

व्यंकोजींच्या घरच्या विजेची रेघ रात्रीतून चढली होती आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हती.

साईकुमार मुलीकडे कोइमतूरला गेले होते. सकाळी सवयीने त्यांनी मोबाइलवर आपल्या गल्लीतल्या घरांचा वीजवापर उघडला, आणि हातातली कॉफी तशीच राहिली. मीटरजवळ बसवलेली, मोबाइलवर आकडे पाठवणारी ती छोटी यंत्रं खोटं बोलत नाहीत. रात्री ते झोपेत असताना शेजाऱ्यांचे चार फोनही येऊन गेले होते. त्यांनाही हेच खुपलं असणार.

यंदा कुंभकोणमच्या गल्ल्यांत चढाओढ लागली होती. जी गल्ली विजेची सर्वांत जास्त बचत करील, तिला सौर पॅनेल. ते आपल्या भजनमठावर बसावं, हा व्यंकोजींचा ध्यास. त्यापायी हा माणूस दुसऱ्यांच्या घरांत शिरून पंखे बंद करी आणि स्वतः ओला पंचा पाठीवर टाकून बसे. आज संध्याकाळी मुदत संपत होती, आणि गल्ली नेमकी त्यांच्याच घरापायी मागे पडत होती.

साईकुमारांनी फोन लावला. तो व्यंकोजींच्या मुलीने, गायत्रीने उचलला.

"काय गे, रात्रीपासून हें काय चालवलंय?"

"काय करणार काका. बाला कॅनडाहून निघालाय. तो येईपर्यंत ठेवायलाच पाहिजे. ऊन केवढें आहे."

"आणि आप्पा?"

"हॉलातच आहेंत." तिचा आवाज बसला होता. "तुम्ही येतां ना?"

"येतोंच!"

गाडीत त्यांना चैन पडेना. एसी घेतला असेल? की मोठा फ्रीज? साऱ्या गल्लीला घाम गाळायला लावणारा माणूस लेकासाठी असा विरघळला कसा? खरं सांगायचं तर रागापेक्षा कुतूहलच फार होतं. लेकाचं कौतुक एक दिवस थांबलं असतं, तर काय बिघडत होतं!

दुपारी ते मागच्या बोळातून व्यंकोजींकडे शिरले, कारण मीटर तिकडेच होता. बोळाच्या पलीकडच्या तोंडाशी, पुढच्या पायऱ्यांवर, चपलांचा ढीग दिसला. म्हणजे सगळी गल्ली फुकटचा गारवा खायला जमली होती तर!

मीटरपासून एक नवी जाड वायर मागच्या खोलीतून हॉलकडे गेली होती. खटका मागच्या खोलीतच सापडला. आता बंद केलं, तर पॅनेल अजूनही हातचं जाणार नव्हतं. मित्राने मग हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात. ऐकायला साईकुमार तयार होते.

त्यांनी खटक्यावर बोट ठेवलं. मागून येऊन गायत्रीने त्यांचं मनगट धरलं.

"नको काका, पेटी गार राहणार नाहीं. उद्यां सकाळीं बालानें आप्पांचें तोंड पाहिलें, कीं नेऊं त्यांना कावेरीवर."