एकही खोली रिकामी नाही

मुंबईचे साहेब हॉटेलात पैसे लावण्याआधी पाहणी करायला येणार, म्हणून भिकनने अख्खं सासर आणून खोल्यांमध्ये भरलं होतं. अजिंठ्याला परदेशी पाहुणे वाढले होते खरे, पण त्याच्या फाटकाशी त्यांची बस अजून थांबली नव्हती. रिकामं हॉटेल बघून पैसे कोण लावणार?

"गर्दी दिसतेय," साहेब म्हणाले. वर गॅलरीत आत्यासासूबाईंनी नऊवारी लुगडं वाळत घातलं होतं. भिकनने घाम पुसला. "हो ना साहेब, एकही खोली रिकामी नाही."

तेवढ्यात फाटकाशी बस थांबली. गाइड धावतच आत आला. "मालक, जपानी पाहुणे आहेत, पूर्ण बस. आठवडाभर राहतील. खोल्या देता ना?"

साहेब भिकनच्या तोंडाकडेच बघत होते.

"फुल्ल आहे हो सगळं," तो कसाबसा म्हणाला.

बस वळून समोरच्या हॉटेलात शिरली. पाहुणे उतरेपर्यंत साहेब तिकडेच बघत राहिले. मग त्यांनी मोबाइल काढला.

"समोरच्या मालकांचा नंबर असेल ना तुमच्याकडे?"