कोरडी खोली

घरात कोरडी खोली एकच होती आणि ती सांगाड्यांना दिलेली होती. सांगाडे अडीच हजार वर्षांचे, ओल लागली की त्यांचा भुगा होतो. माणसांना ओल लागली तर ती नुसती खोकतात. म्हणून परदेशी उत्खननाला आलेल्या सहा जणांना मागच्या तीन खोल्या मिळाल्या होत्या. तिथे भिंतीला लागलेली उशी सकाळी पिळून वाळत घालावी लागे.

सगळ्यांत जास्त खोकत ते रेषाकाका. सापडलेल्या खापरांची चित्रं काढायचं काम त्यांचं, आणि हा त्यांचा चौदावा हंगाम. मायदेशी त्यांच्या खोलीत आता मुलाचं ऑफिस होतं. मधले सहा महिने काका हॉलमधल्या सोफ्यावर झोपत, तेही टीव्ही बंद झाल्यावर. त्यामुळे त्यांना आजारी पडून चालणार नव्हतं. आजारी माणसाला घरी पाठवायचं, हे उत्खननाचे प्रमुख असलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. घरी गेलेल्याला पुढच्या हंगामाच्या यादीत कोणी घेत नाही, हे सांगायची गरज नव्हती. सर वयाने काकांच्या मुलाएवढे. ते समोर आले की काका खोकला गिळत आणि डोळ्यांतून पाणी काढत.

फुटकी भांडी चिकटवणाऱ्या बाईंना सगळे डिंकबाई म्हणत. एका दुपारी सर खड्ड्यावर असताना त्यांनी काकांची खाट उचलून कोरड्या खोलीत नेली आणि सांगाड्यांच्या खोक्यांच्या रांगेत लावून टाकली. काकांनी चाचरत परवानगीचं विचारलं.

"एक्केचाळीस जण आहेत आत," बाई म्हणाल्या. "एकानेही हरकत घेतलेली नाही. झोपा."

काका झोपले. चार दिवसांत खोकला निम्म्यावर आला.

सोमवारी निरीक्षक आला. तो इथल्या सरकारचा माणूस, दर सोमवारी येऊन खोकी मोजायचा. त्याचे नियम दोनच. त्या खोलीत नंबराशिवाय काही ठेवायचं नाही, आणि एकदा नंबर पडलेलं काहीही परवान्याशिवाय घराबाहेर न्यायचं नाही. त्याने खाटेकडे पाहिलं, खाटेवरच्या काकांकडे पाहिलं आणि नंबर विचारला.

डिंकबाई गडबडल्या. हा माणूस आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण विनानंबराचं काही दिसलं की आधी चिठ्ठी लिहायची, ही वीस वर्षांची सवय. त्यांनी लिहिली. नंबर बेचाळीस, पुरुष, वय अंदाजे साठ, स्थिती ठिसूळ. निरीक्षकाने ती जशीच्या तशी नोंदवहीत उतरवून घेतली, शिक्का मारला आणि चहा न घेता निघून गेला.

घर संध्याकाळभर हसत होतं. सरांनाही कळलं. ते म्हणाले, काका, आता तुम्ही सरकारजमा. खाट हलवा असं मात्र म्हणाले नाहीत.

पण खोकला निम्मा झाला होता, गेला नव्हता. पंधरवड्याने काकांच्या रुमालावर रक्त दिसलं आणि ते नेमकं सरांनाच दिसलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तासाभरात विमानाचं तिकीट काढलं, मुलाला फोन केला, काकांच्या पाठीवर हात ठेवला. काकांनी पुढच्या वर्षीच्या चित्रांचं विचारलं तेव्हा म्हणाले, "आधी बरे तर व्हा. मग बघू."

हे "मग बघू" काकांनी या घरात पूर्वी चार वेळा ऐकलं होतं. त्या चौघांपैकी कोणी नंतर दिसलं नव्हतं.

निघायचा दिवस सोमवार आला. काका गाडीत बसले होते, बॅग डिकीत गेली होती, तेवढ्यात निरीक्षक मोजणी संपवून अंगणात आला आणि गाडीचं दार धरून उभा राहिला. बेचाळीस नंबर कुठे नेताय, असं त्याने विचारलं. सर हसले. निरीक्षक हसला नाही. विनोद त्यालाही कळत असावा, पण वहीतला शिक्का त्याचा होता.

शेवटी त्याने दप्तरातून परवान्याचा कागद काढला. डिंकबाईंनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरायला घेतला. कारण, दुरुस्ती. नेण्याचं ठिकाण, मुलाचा पत्ता. परत आणण्याची तारीख. तिथे पेन थांबलं. बाईंनी सरांकडे पाहिलं. सर टायरमधली हवा बघत होते.

"तेवढं राहू द्या," सर म्हणाले.

"रिकामं चालत नाही," निरीक्षक म्हणाला. "वस्तू आमची आहे."

काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पेन मागितलं. कागद मांडीवर घेतला. पुढच्या हंगामाचा पहिला दिवस त्यांनी चांगल्या खापराची कड काढावी तसा सावकाश, एकही रेघ न हलवता लिहिला.

निरीक्षकाने तारीख दोनदा वाचली, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत उभा राहिला. विमानाला उशीर होत होता. त्याला घाई करा म्हणून कोणीही सांगितलं नाही.