जाड नळी गार, बारीक नळी गरम

“गार लागत नाही,” समाधानने बॉनेटखालच्या जाड नळीवरचा डावा हात काढला. “गॅस कमी आहे, मॅडम.”

अदिती मॅडम बुचकळ्यात पडल्या. “कमाल आहे! तक्रार काहीच नव्हती. उन्हाळ्याआधी नुसतं दाखवून घ्यावं म्हणून आणली मी.”

“म्हणून तर दाखवायचं असतं.”

नरोली रस्त्यावर एसीवाले काय कमी आहेत? पण समाधानचं नाव झालं ते त्याच्या हातामुळे. एसी चालू करायचा, एक नळी धरायची, मग दुसरी. जाड नळी गार, बारीक नळी गरम, म्हणजे गाडी निरोगी. गॅसचा दाब मोजायचं मीटर त्याच्याकडेही होतं, खिळ्याला टांगलेलं. “काटा खोटं बोलेल, हात नाही बोलणार,” हे त्याचं धुळ्याहून आल्यापासूनचं वाक्य. गॅस भरतानाही तो काट्याकडे बघायचा नाही. नळी गार लागली की थांबायचा.

त्या दिवशी त्याने गॅस सोडला. नळी गार लागेना. त्याने आणखी सोडला.

“शेठ, थंड तर हाय नळी,” शेजारी उभा असलेला बारकू म्हणाला. “बस करा ना, जास्त भरला तर एसी बिघडेल.”

“मालक तू का मी?”

सुरंगी गावचा हा बारकू गॅरेज उघडलं त्या दिवसापासून समाधानच्या हाताखाली होता. उलट बोलण्याची त्याला सवय नव्हती.

दोन दिवसांत मॅडम परत आल्या, त्या तणतणतच. “आधी बरा होता हो एसी! आता गरम हवा फुंकतोय. दादा, आमच्या कंपनीतल्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे लावायच्या म्हणून मी साहेबांकडे शब्द टाकलाय. माझं नाक कापू नका.”

त्या गाड्या मिळाल्या तर समाधानच्या गॅरेजवर पक्कं छप्पर पडणार होतं, पोरीला बऱ्या शाळेत घालता येणार होतं. त्याने गाडी ठेवून घेतली. पंखा बघितला, जाळी धुतली, फिल्टर झटकला. सगळं ठीक. तरी नळी धरली की तेच, ना गार ना गरम. त्यात ललित रिक्षावाल्याच्या भावाची गाडी आली, तिचीही तीच रड. समाधानला जेवण गोड लागेना. जरा टेकला की उठायचा, उठला की पुन्हा बॉनेट उघडायचा.

मग त्याच्या डोक्यात वीज चमकली. गॅसच खोटा! आणि गॅसचा डबा वापीहून आणतो कोण? बारकू. बस करा, बस करा म्हणत होता कोण? बारकूच!

“किती दिवस भेसळीचा माल आणू राहिला रे?”

बारकूचं तोंड उतरलं. “देवाशपथ, शेठ, त्याच दुकानातून आणतो. तुम्ही एकदा मीटर लावून तरी बघा.”

“चोराच्या उलट्या बोंबा! नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं. मला मीटर शिकवतो?”

डोळे पुसत बारकू निघून गेला. समाधानला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रागापुढे ते टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातली सोनी दारात उभी राहिली. ही पोरगी वर्षातून एकदा घरोघर फिरते, विचारते आणि भिंतीवर खडूने खूण करून जाते.

“दादा, अंगावर फिकट, बधिर चट्टा वगैरे?”

“आम्ही इथले नाही, बाई. तुझं ते गावाकडे जाऊन विचार.”

“डाव्या मनगटावर आहे की तुमच्या,” आतून त्याची बायको कावेरी म्हणाली.

“तो गॅस उडाल्याचा डाग आहे. प्रत्येक एसीवाल्याला असतो.” बोलता बोलता समाधानने चुलीवरचं उकळतं पातेलं डाव्या हाताने उतरवलं, फडक्याशिवाय.

“हात आहे का सांडशी?” कावेरी हसली.

“कामाचा हात आहे, त्याला काय होतंय?”

सोनी काहीतरी विचारणार होती, पण त्याने तिला वाटेला लावलं. मॅडम संध्याकाळी येणार होत्या आणि गाडी तशीच होती.

त्याने नवा डबा स्वतः वापीला जाऊन आणला. भरला. जाड नळी गार लागली नाही. दुपार उतरली तरी इंजिन धडधडतच होतं. आता एकच शंका उरली, कॉम्प्रेसर. तो गेला असेल तर बारीक नळीही गरम व्हायची नाही. उजव्या हाताने दिवा धरून त्याने डावा हात खांद्यापर्यंत आत घातला आणि न बघताच चाचपला. हाताखाली नळी आली. त्याने ती घट्ट धरली.

कावेरी चहा घेऊन आली. दारातच थबकली. “कशाचा वास येऊ राहिला हो?”

“पट्टा घासत असेल.”

“रबराचा नाही हो हा वास.”

समाधानने मान वाकवून पट्टा पाहिला. पट्टा शाबूत होता. “कॉम्प्रेसरच गेला गं,” तो रडवेला होऊन म्हणाला. “बारकूला उगीच हाकललं. नळी गरमच होत नाही बघ.”

कावेरीने त्याच्या हातातला दिवा घेतला, आत पाहिलं, आणि चहाचा पेला तिच्या हातून सुटला. बारीक नळी पलीकडे होती. समाधानची मूठ इंजिनच्या धुराच्या तापलेल्या नळीवर आवळलेली होती आणि बोटांमधून धूर निघत होता.

“ओरडतेस काय?” समाधान म्हणाला. “थांब जरा. गरम झाली की सांगतो.”