लाभ, दोन, तीन

"ह्या जाकिटाला लय कुबट वास येतोय," अंबूबाई संयोगिताच्या कानाशी कुरकुरली.

पुराआधीची तालीम होती. कृष्णेच्या घाटावर बोटीत नऊ जणी बसल्या. बोट चालवणाऱ्या हंबीररावांचा जन्म खळ्यावर गेलेला. माणसंही ते जोंधळ्यासारखीच मोजत, 'एक'ऐवजी 'लाभ' म्हणून.

"लाभ." हात रिकाम्या फळीवर पडला.

"हाय," कुणीतरी म्हणालं.

"दोन." हात अंबूबाईच्या डोक्यावर.

"हाय."

"...दहा. भरली बोट!"

संयोगितानं मान वळवून मोजलं. नऊच.

"परत मोजा."

"लाभ."

"हाय." आवाज म्हातारा होता. रिकामी फळी आता ओली दिसत होती. सगळ्या नदीकडं बघू लागल्या.

"आवं, मागच्या पुरातबी तुमी असंच मोजलं," संयोगिता म्हणाली. "दहा म्हणून बोट सोडली, तवा आमी नऊच हुतो. मी बघितलं, गप बसले. म्हातारी मदिनाबी गच्चीवरच राहिली."