एकेचाळिसावा दिवस

अठ्ठावन्नाव्या दिवशी सकाळी साडेदहाला दिव्याने मान टाकली.

प्रयोगशाळेत सरांची विद्यार्थिनी एकटीच होती; छतावरच्या साध्या ट्यूबचा उजेड तेवढा उरला. या दिव्याचा थाट वेगळा होता. भर दुपारच्या उन्हासारखा तो अहोरात्र जळायचा आणि काळा चष्मा लावल्याशिवाय त्याच्यापुढे कुणी उभं राहू शकत नसे. तिने दोन महिने त्याच्याखालचं पान रोज पाहिलं होतं, पण काळ्या चष्म्यातून.

पान म्हणजे झाडाचं नव्हे, सरांनी बनवलेलं. काडेपेटीएवढी काचेची पट्टी, तिच्यावर काळसर लेप. पेल्यातल्या पाण्यात बुडवून उजेड दाखवला की झाडाच्या पानासारखा तोही पाण्यातून प्राणवायू सोडायचा. आधीच्या सगळ्या पानांनी आठवडाभरात गाशा गुंडाळला होता. या पठ्ठ्याने मात्र अठ्ठावन्न दिवस काढले. साठ झाले की शोधनिबंध जाणार होता आणि महिनाअखेरीस सर निवृत्त होणार होते. तीस वर्षं खपून त्यांनी एवढंच मागितलं होतं, साठ दिवस.

तिने नवा दिवा बसवला. बटण दाबण्याआधी सवयीने चष्मा उचलला आणि सहज पेल्याकडे पाहिलं.

पट्टी हिरवी दिसत होती.

तिने चिमट्याने ती बाहेर काढली. हिरवा थर बोटाला बुळबुळीत लागला. बोटाने तो जरा सारला तर खाली नुसती काच. लेप केव्हाच सुटून पेल्याच्या तळाशी भुकटी होऊन पडला होता.

तिने प्रयोगाची वही उघडून चौतिसावा दिवस काढला. पेल्यातलं पाणी रोज थोडं आटायचं, वरून घालावं लागायचं. चौतिसाव्या दिवशी शुद्ध पाण्याचा कॅन संपला आणि नवा यायला संध्याकाळ होणार होती. खिडकीत कुंडीला पाणी घालायची बाटली होती. चार घोटांनी काय आभाळ कोसळतंय, म्हणत तिने त्यातलंच ओतलं होतं. वहीत मात्र लिहिलं नव्हतं.

तिने थोडा हिरवा थर खरवडून दुसऱ्या स्वच्छ पेल्यात टाकला, पाणी घातलं, दिवा लावला आणि प्राणवायू मोजणाऱ्या मीटरची नळी आत सोडली. पंधरा मिनिटांत आकडा हळूहळू वर सरकू लागला. पान कुठेच नव्हतं, तरी प्राणवायू येत होता.

तिने दिवा मालवला.

पट्टी पुन्हा पहिल्या पेल्यात सोडली की झालं. दोनच तर दिवस. आकडे काही खोटे नव्हते, प्राणवायू खराच होता. आणि इथे येणारा प्रत्येक जण चष्मा लावूनच येतो. तिने पट्टी पाण्यावर धरलीसुद्धा.

"दिवा गेला म्हणे?" सर दारात उभे होते. चष्मा लावायच्या बेतात होते.

"चष्मा राहू द्या, सर. असेच या."

ते आले. पट्टीकडे पाहिलं, तळाच्या भुकटीकडे पाहिलं, दुसऱ्या पेल्याकडे पाहिलं. त्यांना सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"एकेचाळिसाव्या दिवशी आकडा घसरला होता ना. मग चारपाच दिवसांत पुन्हा चढला."

"मी म्हणालो, पठ्ठ्या सावरला."

"सावरला नव्हता, सर. गेला होता." तिने पट्टी खाली ठेवली. "पाणी मी घातलं होतं. त्या कुंडीच्या बाटलीतलं."

सर स्टुलावर बसले. त्यांनी ओरडावं, खडसावावं, निदान हात तरी आपटावा असं तिला वाटत होतं. ते काहीच करेनात, तेव्हा तिचा बांध फुटला.

"पेल्यापासून लांब रड," सर म्हणाले. "आणखी भलतं पाणी नको त्यात."

त्यांनी वही ओढून घेतली. चाळिसाव्या दिवसाखाली मोजपट्टी लावून लाल रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'लेप संपला. येथून पुढचा प्राणवायू शेवाळाचा.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. पेनला टोपण लावायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.

"साठ व्हायला हवे होते गं," ते म्हणाले. "फार वाटत होतं."

तिने डोळे पुसले, दोन्ही पेले उचलले आणि ती बेसिनकडे निघाली.

"कुठे निघालीस?"

"धुऊन ठेवते. शेवाळ आहे नुसतं."

"आण इकडे. दिवा लाव."

"आता कशाला, सर?"

सरांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि काळा चष्मा नाकावर चढवला.

"तीस वर्षं ज्याची नक्कल करतोय, ते आपल्या पायांनी घरी आलंय," ते म्हणाले. "त्याला काय अंधारात बसवायचं?"